जपानीच्या पहिल्या वर्गात शब्द कोणते, किती आणि कसे शिकवायचे

मुंबईत जपानीच्या संध्याकाळच्या वर्गात तीन प्रकारची मंडळी हमखास भेटतात. मेट्रो ३, अटल सेतू, बुलेट ट्रेन अशा जपानी कर्जाच्या आधाराने उभ्या राहणाऱ्या प्रकल्पांच्या आसपास काम करणारे इंजिनिअर, वृद्धांच्या शुश्रूषेच्या कामासाठी जपानला जाऊ पाहणारी मुलंमुली, आणि अ‍ॅनिमे बघून बघून कान तयार झालेली कॉलेजची पोरं. तिघांची गरज वेगळी. तरी पहिल्या तीन महिन्यांत त्यांना लागणारे शब्द जवळजवळ तेच असतात आणि ते फार नसतात.

नवा शिक्षक बहुतेक वेळा रंगांपासून सुरुवात करतो. मग फळं, मग प्राणी, मग आठवड्याचे वार. फळा भरतो, मुलं खूश होतात, फोटो काढून ग्रुपवर टाकतात. महिन्याभराने ‘झोओ’ म्हणजे हत्ती हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ‘ही गाडी ठाण्याला जाते का’ एवढं विचारता येत नाही. हा लेख अशा नव्या शिक्षकांसाठी आहे. उदाहरणं जपानीची आहेत, पण पद्धत जर्मन-फ्रेंचच्या वर्गालाही चालेल.

(लिहिण्याबद्दल एक सूचना. इथे जपानी शब्द देवनागरीत दिले आहेत. वाक्याच्या टोकाला येणाऱ्या ‘देस’ आणि ‘मास’ यांच्या शेवटचा ‘उ’ बोलताना जवळजवळ गळतो, म्हणून तो लिहिलेला नाही. ‘त्सु’ चमच्यातल्या ‘च’सारखा म्हणा. मराठी माणसाला हा उच्चार आयता मिळतो, त्याचा फायदा घ्या.)

आधी यादी, मग पाठ

कुठल्याही भाषेत थोडे शब्द फार वेळा येतात आणि उरलेले हजारो क्वचित. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज झिफ यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो, की सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द दुसऱ्या क्रमांकाच्या शब्दाच्या साधारण दुप्पट वेळा येतो, तिसऱ्याच्या तिप्पट वेळा, आणि असंच पुढे. इंग्रजीसाठी मायकल वेस्ट यांनी १९५३मध्ये सुमारे २००० शब्दांची यादी काढली. साध्या मजकुरातले ८० टक्क्यांच्या आसपास शब्द तिच्यात सापडतात. म्हणजे सुरुवातीला शिकवलेला प्रत्येक शब्द पुढच्या क्वचित येणाऱ्या शब्दांपेक्षा कितीतरी जास्त कमाई करून देतो. निवडताना हात आखडता घ्यायचा तो याचसाठी.

जपानीसाठी आज मोठा आधार आहे. जपानच्या राष्ट्रीय भाषा संस्थेने २०११मध्ये खुला केलेला लिखित जपानीचा संग्रह सुमारे १० कोटी शब्दांचा आहे आणि त्यावरून वारंवारतेच्या याद्या निघतात. पण ती यादी वरून खाली जशीच्या तशी शिकवायला घेऊ नका. ती मुख्यतः छापील मजकुराची आहे. पुस्तकं, मासिकं, वर्तमानपत्रं, सरकारी कागद. त्यात ‘सुमिमासेन’ची (माफ करा) जागा दादरच्या पुलावर जपानी माणसाला धक्का लागल्यावर जेवढी वर असते, तेवढी वर नसते. ‘मते’, ‘बाबत’, ‘नुसार’ अर्थाचे शब्द मात्र ऐटीत वर बसलेले असतात.

म्हणून यादी तीन चाळण्यांतून काढा. पहिली चाळणी वारंवारतेची. वरचे ५०० शब्द घ्या. दुसरी वर्गाची. वर्ग चालवायला रोज लागणारे शब्द (ऐका, लिहा, पुन्हा, म्हणजे काय, कळलं नाही) यादीत कितीही खाली असले तरी वर आणा, कारण ते तुमच्या तोंडून दर पाच मिनिटांनी येणार आहेत आणि फुकटात घटवले जाणार आहेत. तिसरी चाळणी विद्यार्थ्यांच्या गरजेची. शुश्रूषेच्या बॅचला ‘इताइ’, म्हणजे दुखतंय, पहिल्या महिन्यातच हवा. ‘दोको गा इताइ देस का’, कुठे दुखतंय, हे वाक्य त्यांचं रोजचं भांडवल आहे. अ‍ॅनिमेवाल्यांना तो महिन्याभराने मिळाला तरी बिघडत नाही.

आता हिशेब. दीड तासाच्या वर्गात आठ नवे शब्द. आठवड्याला दोन वर्ग धरले तर तीन महिन्यांत २४ वर्ग, म्हणजे दोनशेला थोडे कमी. पालक आणि क्लासचे मालक हा आकडा ऐकून नाक मुरडतील, मुरडू द्यात. दोनशे शब्द तोंडात बसलेला विद्यार्थी आठशे शब्द वहीत असलेल्यापेक्षा जास्त बोलतो.

या दोनशेत इंग्रजीतून जपानीत गेलेले शब्द मोजू नका. बासु, ताकुशी, होतेरु, तेरेबी. मुंबईच्या मुलांना हे निम्मे आधीच येतात, फक्त जपानी कान लागतो. आठवड्यातून एकदा दहा शब्द नुसते ऐकवा आणि ओळखायला लावा. ‘बाइकु’ म्हणजे आपल्यासारखीच मोटरसायकल, इंग्लंडातली सायकल नव्हे. ‘मानशोन’ म्हणजे साधी फ्लॅटची इमारत, मलबार हिलचा बंगला नव्हे. आणि ‘कान्निंगु’ म्हणजे परीक्षेतली कॉपी. हा शब्द वर्ग जन्मात विसरत नाही.

सर्वांत लहान शब्द सर्वांत आधी

वारंवारतेच्या यादीचा माथा बघितला तर तिथे नामं नसतातच. तिथे असतात ‘नो’, ‘नी’, ‘वा’, ‘ओ’, ‘गा’, ‘दे’, ‘तो’, ‘मो’. या एका अक्षराच्या शब्दांचं चित्र काढता येत नाही, म्हणून चित्रकार्डांवर चालणारे वर्ग त्यांना व्याकरणाच्या कपाटात टाकतात आणि तिसऱ्या महिन्यात बाहेर काढतात. हे उलटं आहे. मराठी विद्यार्थ्याला तर ते पहिल्या दिवशी देता येतात, कारण त्यांना ठेवायची जागा त्याच्या भाषेत तयारच आहे. फळ्यावर दोन ओळी एकाखाली एक लिहा:

कोनो देन्शा वा ठाणे नी इकिमास का.
ही गाडी ठाण्याला जाते का.

काहीही न समजावता विद्यार्थ्यांना जोड्या लावू द्या. ‘कोनो’ म्हणजे ही, ‘देन्शा’ म्हणजे गाडी, ‘नी’ म्हणजे ला, ‘इकिमास’ म्हणजे जाते, आणि शेवटचं ‘का’ म्हणजे चक्क का. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, प्रश्नाचा ‘का’ अगदी टोकाला. एकच ‘वा’ उरतो. कोणीतरी त्याबद्दल विचारणारच. तेव्हा एवढंच सांगा, की कशाबद्दल बोलतोय ते त्या ‘वा’ने मांडलं जातं, आणि पुढे चला. वर्गात गुजराती, हिंदी किंवा तमिळ बोलणारे असतील तरी शब्दांचा हा क्रम त्यांच्याही घरचाच आहे.

असंच ‘नो’ म्हणजे चा-ची-चे, ‘मो’ म्हणजे ही किंवा सुद्धा, ‘कारा’ पासून, ‘मादे’ पर्यंत. ‘दादर कारा ठाणे मादे’ हे बोलायला विद्यार्थ्याला पाच सेकंदं लागतात. आणि वाक्याच्या शेवटचा ‘ने’ म्हणजे आपला ‘ना’. ओइशिइ देस ने, चविष्ट आहे ना. मराठीतून जपानी शिकवणाऱ्याच्या हातात हा जो सोपा रस्ता आहे, तो इंग्रजीतून छापलेल्या पाठ्यपुस्तकात मिळायचा नाही. तिथे या प्रत्येक शब्दाला अर्धं पान खर्चून समजूत घातलेली असते.

पण जिथे साम्य संपतं ती ठिकाणं शिक्षकाला आधीच माहीत हवीत. आपण ‘दादरमध्ये राहतो’ आणि ‘दादरमध्ये काम करतो’ दोन्हीकडे ‘मध्ये’ वापरतो. जपानी राहायला ‘नी’ वापरते (दादर नी सुन्देइमास) आणि काम करायला ‘दे’ (दादर दे हाताराकिमास). गाडीत चढताना ‘देन्शा नी नोरिमास’, पण गाडीने जाताना ‘देन्शा दे इकिमास’, आणि गाडीतून उतरताना ‘देन्शा ओ ओरिमास’, जिथे मराठी कानाला ‘कारा’ यावा असं वाटत राहतं. याचा नियम सांगण्यात वेळ घालवू नका. क्रियापद एकटं कधीच शिकवू नका, एवढं पथ्य पाळा. कार्डावर ‘नोरु’ (‘नोरिमास’चं मूळ रूप) लिहायचं नाही, ‘देन्शा नी नोरु’ लिहायचं. प्रत्यय क्रियापदाला चिकटूनच तोंडात बसला, की पुढे चुकायला जागा उरत नाही.

दुसरी मोठी जागा ‘आहे’ची. मराठीत माणूस आहे, मांजर आहे, छत्री आहे, सगळीकडे एकच. जपानीत माणसाला-प्राण्याला ‘इमास’, बाकी सगळ्याला ‘आरिमास’. यासाठी टेबलावर खऱ्या वस्तू मांडा: डबा, छत्री, पाण्याची बाटली, लोकलचा पास. ‘कासा गा आरिमास.’ ‘मिझु गा आरिमास.’ मग एका विद्यार्थ्याला टेबलाच्या मागे उभं करा आणि थांबा. वर्गातून ‘आरिमास’ असा आवाज येईल, त्याचा चेहरा पडेल, हशा होईल आणि कोणीतरी ‘इमास!’ म्हणून दुरुस्त करेल. जिन्यावर मांजर बसलेली असेल तर तिलाही उपयोगात आणा. मुंबईतल्या जुन्या इमारतीत ती बसलेली असतेच.

एका जातीचे शब्द एका दिवशी नकोत

हा मुद्दा शिक्षकांना सर्वांत कमी पटतो. रंग एकत्र, वार एकत्र, विरुद्धार्थी जोड्या एकत्र, हे इतकं स्वाभाविक वाटतं की बहुतेक पाठ्यपुस्तकंही तसंच करतात. पण अर्थाने जवळचे नवे शब्द एकाच वेळी दिले तर ते एकमेकांत मिसळतात. टॉम टिंकम यांनी १९९३मध्ये आणि रॉब वॉरिंग यांनी १९९७मध्ये, तेही जपानी विद्यार्थ्यांवर, हे करून पाहिलं. गटाने दिलेले शब्द शिकायला जास्त वेळ लागला.

ज्याने ‘मिगि’ आणि ‘हिदारि’ एकाच दिवशी शिकले त्याला सहा महिन्यांनी विचारा, उजवा कोणता. तो आधी छताकडे बघेल. उपाय साधा आहे. आज ‘मिगि’ द्या, वर्गभर उजवीकडे वळवा, उजवा हात वर करायला लावा. दोन आठवड्यांनी, ‘मिगि’ पक्का झाल्यावर, ‘हिदारि’ आणा. ‘ताकाइ’ म्हणजे महाग आणि ‘यासुइ’ म्हणजे स्वस्त यांचंही तसंच करा.

अर्थासारखाच आवाजही सांभाळायचा असतो. ‘किते’ म्हणजे ये, ‘कित्ते’ म्हणजे काप, ‘कीते’ म्हणजे ऐक. हे तिन्ही शब्द वर्गात रोज लागतात आणि ऐकायला एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत. पहिल्या दिवशी ‘कीते’ घ्या, ‘किते’ तिसऱ्या आठवड्यात, आणि ‘कित्ते’ त्याहून उशिरा.

मग आठ शब्द जमवायचे कसे? एका प्रसंगाभोवती. तहान लागलेला माणूस: मिझु (पाणी), नोमु (पिणे), त्सुमेताइ (थंडगार), कुदासाइ (द्या), दोको (कुठे), इकुरा (कितीला), सुमिमासेन (अहो, माफ करा), इइ (छान). यातला एकही शब्द दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही, म्हणून गोंधळ होत नाही, आणि आठ शब्दांत एक पूर्ण संवाद उभा राहतो. इराण्याच्या हॉटेलातला असो की टोकियोच्या स्टेशनातला.

अंकांना हा नियम लावता येत नाही. एक शिकवून दोन महिनाभर लपवून ठेवणार कसे? त्यासाठी दादर स्टेशन हाताशी ठेवा. डिसेंबर २०२३पासून तिथे पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वेचे प्लॅटफॉर्म सलग १ ते १४ झाले आहेत, आणि सुरुवातीला लागणारे अंकही तितकेच. तुम्ही ‘नान-बान्सेन देस का’, किती नंबरवर, असं विचारा आणि विद्यार्थ्यांनी ‘हाचि-बान्सेन’, ‘ज्यूइचि-बान्सेन’ अशी उत्तरं द्यायची. जपानीत ४, ७ आणि ९ या अंकांना दोन-दोन नावं आहेत आणि नवशिका तिथेच अडतो. प्लॅटफॉर्मसोबत ‘योन’, ‘नाना’ आणि ‘क्यू’ हीच लागतात, तेवढीच बसवा. दुसरी नावं तारखा शिकवताना येतील.

दीड तासाचा वर्ग

पहिली पंधरा मिनिटं जुन्या शब्दांची. नवीन काहीही नाही. वही बंद, फोन बंद. तुम्ही मराठीत वाक्य म्हणायचं आणि समोरच्याने तीन-चार सेकंदांत जपानीत सांगायचं. आठवायला कष्ट पडले पाहिजेत. पुन्हा वाचण्यापेक्षा आठवण्याने जास्त टिकतं, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६च्या प्रयोगांतून ठळकपणे पुढे आलं. उशिरा येणारे या पंधरा मिनिटांत आत येतात, हा आणखी एक फायदा. पावसाळ्यात तर हमखास.

मग नवे शब्द, पण आधी फक्त कानाने. फळा कोरा. ‘तात्ते कुदासाइ’ म्हणा आणि स्वतः उभे राहा. ‘सुवात्ते कुदासाइ’ म्हणा आणि बसा. पाच वेळा झालं की फक्त आज्ञा द्या, स्वतः हलू नका. मग वेग वाढवा, क्रम उलटा करा, एखाद्याला दाराशी पाठवा, दार उघडायला लावा (दोआ ओ आकेते कुदासाइ). जेम्स अ‍ॅशर यांनी १९६०च्या दशकात ही हालचालीतून शिकवण्याची पद्धत मांडली, तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या प्रयोगांतली भाषा जपानीच होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे इंजिनिअर पहिल्या दोन मिनिटांत लाजतात, मग तेच सर्वांत जास्त मजा घेतात. बोलायला लावू नका. ऐकून कळतंय एवढं पुरे.

अर्थ सांगताना मराठीची लाज बाळगू नका. ‘तोकिदोकि’ म्हणजे कधीकधी. हा शब्द हातवारे करून दाखवायला सात मिनिटं जातात आणि तरी अर्धा वर्ग त्याचा अर्थ ‘हळूहळू’ असा लावून घरी जातो. दोन सेकंदांत मराठीत सांगा आणि वाचलेली सात मिनिटं वाक्यांना द्या. वर्गात जपानीच बोलायचं असा हट्ट तिसऱ्या महिन्यानंतर धरा.

यानंतर जोड्यांचं काम, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यालाच. एक साचा फळ्यावर राहील, त्यातला एक शब्द विद्यार्थी बदलतील. ‘मिझु ओ कुदासाइ’ मधलं पाणी जाऊन चहा येईल, तिकीट (किप्पु) येईल, पास येईल. जोडी दर चार मिनिटांनी बदला, म्हणजे तेच वाक्य पाच वेगवेगळ्या माणसांशी बोललं जातं आणि कंटाळा येत नाही. तुम्ही वर्गात फिरा आणि चुका कागदावर टिपा, मध्ये तोंड घालू नका. शेवटच्या दहा मिनिटांत टिपलेल्या चुकांपैकी तीन फळ्यावर मांडा आणि वर्गाकडून सुधारून घ्या. सगळ्या नकोत, तीनच.

लेखन शेवटी. पहिल्या तीन-चार आठवड्यांत देवनागरीचा आधार चालतो, पण एका बाबतीत ती दगा देते. मराठीत ‘ओ’ला ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही, जपानीत आहे. ‘कोको’ म्हणजे इथे, ‘कोओकोओ’ म्हणजे हायस्कूल. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. चाळिशीच्या जपानी बाईंना चुकून आजी म्हणणं महागात पडेल. म्हणून लांब स्वर नेहमी दोनदा लिहायला लावा आणि हिरागाना ही जपानी अक्षरं जमली की देवनागरी बंद करा. जोडाक्षरांचा आवाज मात्र आपल्याला अडत नाही. ‘पक्का’ म्हणणारा माणूस ‘गाक्कोओ’ (शाळा) सहज म्हणतो.

आठवणीच्या युक्त्यांना थोडी जागा ठेवा. ‘कोरे’ म्हणजे हे, ‘दोरे’ म्हणजे कोणतं, ‘आरे’ म्हणजे ते तिकडचं. कोरा कागद हातात, दोऱ्याचं रीळ पुढ्यात, आणि आरे कॉलनी तिकडे लांब. रिचर्ड अ‍ॅटकिन्सन आणि मायकेल रॉ यांनी १९७५मध्ये रशियन शब्दांवर ही ध्वनिसाम्याची युक्ती तपासली आणि ती उपयोगी ठरली. फक्त प्रत्येक शब्दासाठी ओढून ताणून काही जुळवत बसू नका. ज्याला जुळतं त्याला जुळतं.

शब्द पुन्हा पुन्हा समोर आणणं

हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५मध्ये दाखवलं की विसरणं पहिल्या दिवसात सर्वांत वेगाने होतं आणि नंतर मंदावतं. मंगळवारी शिकवलेला शब्द शुक्रवारपर्यंत एकदाही भेटला नाही, तर शुक्रवारी तो तुम्हाला नव्याने शिकवावा लागणार. म्हणून शिकवण्याच्या तयारीएवढीच तयारी पुनर्भेटीची करायची असते.

यासाठी चौकटीची एक वही करा. डाव्या बाजूला शब्द, वर वर्गाचा क्रमांक. शब्द वर्गात वापरला गेला की त्या चौकटीत खूण. शिकवल्यानंतर पुढच्या वर्गात, मग एक वर्ग सोडून, मग आठवड्याने, मग महिन्याने. ज्याची ओळ रिकामी दिसते त्याला पुढच्या संवादात घुसवा. चार-सहा आठवड्यांत ही वही तुमच्याबद्दलही बरंच सांगते. तुमचे लाडके शब्द कोणते, आणि शिकवून सोडून दिलेले कोणते.

घरच्या सरावासाठी कार्डांची पेटी अजून चालते. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२मध्ये ती लोकप्रिय केली. मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पाच कप्पे करा. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, शेवटचा महिन्याने. फोनवाल्यांसाठी आंकी आहे. या अ‍ॅपचं नावच जपानीत ‘पाठांतर’ असं आहे. पण तयार जमवलेली हजार कार्डं उतरवून घेऊ देऊ नका. स्वतः लिहिलेलं कार्ड, आणि त्यावर एकटा शब्द नको, गाळलेल्या जागेचं वाक्य हवं.

आता मुंबईची खरी अडचण. डोंबिवली किंवा विरारहून येणाऱ्याला सकाळच्या लोकलमध्ये हात वर करायला जागा नसते, तो कार्डं काढणार कुठून? पण कान मोकळे असतात. दर वर्गानंतर तुमच्या आवाजात तीन-चार मिनिटांची ध्वनिफीत ग्रुपवर पाठवा. आधी मराठी वाक्य, मग चार सेकंद शांतता, मग जपानी दोनदा. ती चार सेकंदं सोडायला विसरू नका. त्या रिकाम्या वेळात विद्यार्थी मनात उत्तर शोधतो, आणि सगळा उपयोग तिथेच असतो. आठ नवे आणि बारा जुने शब्द, एवढंच. तीन मिनिटांची फीत घाटकोपर ते दादर दोनदा ऐकून होते. वीस मिनिटांची पाठवली तर कोणीही ऐकत नाही.

पुनर्भेटीचा दुसरा मार्ग म्हणजे तुम्ही स्वतः लिहिलेली छोटी गोष्ट. आठवड्याला एक, आणि त्यात नवा शब्द पन्नासात एक. उदाहरणार्थ:

मीना-सान वा मुंबई नी सुन्देइमास. माइआसा देन्शा नी नोरिमास. देन्शा वा हितो गा ओओइ देस. मीना-सान वा सुवारिमासेन. दादर दे ओरिमास. कोओही ओ नोमिमास. ओइशिइ देस ने.

मीना मुंबईत राहते, रोज सकाळी गाडीत चढते, गर्दी असते, बसत नाही, दादरला उतरते, कॉफी पिते. एवढीच गोष्ट, पण प्रत्येक मुंबईकराची. पुढच्या आठवड्यात हीच काल घडलेली म्हणून सांगा, ‘नोरिमास’चं ‘नोरिमाशिता’ होईल. त्याच्या पुढच्या आठवड्यात प्रश्न विचारा. मग विद्यार्थ्यांना मीनाच्या जागी स्वतःला घालायला सांगा. चार आठवडे तेच थोडे शब्द, आणि कोणालाही उजळणी केल्यासारखं वाटत नाही.

यादीत असूनही जपून द्यायचे शब्द

‘अनाता’ म्हणजे तुम्ही, प्रत्येक यादीत वर. पण जपानी माणूस समोरच्याला शक्यतो त्याच्या नावाने हाक मारतो, नावापुढे ‘सान’ लावून. वरिष्ठाला ‘अनाता’ म्हणणं उर्मटपणाचं वाटतं. शब्द ओळखता आला पाहिजे, वापरायला लावू नका. ‘सायोनारा’चंही तेच. ऑफिसातून निघताना तो कोणी म्हणत नाही, तिथे ‘ओत्सुकारेसामा देस’ चालतं.

याउलट ‘चोत्तो’ आणि ‘दाइजोओबु’ हे दोन शब्द लवकर आणि भरपूर द्या. ‘चोत्तो’ म्हणजे जरा. ‘चोत्तो मात्ते’, जरा थांब. आणि नकार द्यायचा असेल तर ‘सोरे वा चोत्तो…’ म्हणून वाक्य अर्धवट सोडायचं. आपण ‘ते जरा…’ म्हणून थांबतो, तसंच. ‘दाइजोओबु’ बरं आहे, चालेल, काळजी नको, नको या सगळ्यासाठी. शुश्रूषेच्या बॅचने तो पहिल्या आठवड्यातच शिकावा.

चाचणी

वीस शब्दांचं शुद्धलेखन ही चाचणी नव्हे. ओळखणं आणि वापरणं वेगळं तपासा. ऐकून योग्य चित्राकडे बोट दाखवणं सोपं, मराठीवरून जपानी वाक्य करणं अवघड. दोन्हींचे गुण वेगळे मांडा, म्हणजे कोण कुठे अडकलाय ते दिसतं. निम्मे शब्द महिन्याभरापूर्वीचे ठेवा. आधीपासून तसं सांगूनही ठेवा, नाहीतर सगळे आदल्या रात्री शेवटचं पान पाठ करून येतील.

आणि ती आठशे शब्दांची पीडीएफ

दुसऱ्या महिन्यात कोणीतरी फोन पुढे करेल. ‘सर, एन-५चे ८०० शब्द, परीक्षा जुलैत आहे.’ जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेची (एन-५ ही तिची सर्वांत सोपी पातळी, एन-४ तिच्या वरची) अधिकृत शब्दयादी २०१०च्या फेररचनेनंतर प्रसिद्ध होत नाही. फिरणाऱ्या याद्या बहुतांशी जुन्या परीक्षेवरून केलेल्या आहेत. तेव्हाच्या सर्वांत खालच्या पातळीला सुमारे ८०० शब्द आणि १०० कांजी (चिनी लिपीतून आलेली अक्षरं) अपेक्षित होते. यादी निरुपयोगी नाही, फक्त ती शिकवायची वस्तू नाही.

विद्यार्थ्याला ती छापून आणायला सांगा आणि तीन खुणा करायला लावा: वाक्यात वापरता येतो, बघितला तर कळतो, अनोळखी. दोनशे शब्द नीट बसले असतील तर त्याच्या ध्यानात येतं की इंग्रजीतून आलेले आणि वर्गात कानावर पडलेले धरून तीनशेच्या वर शब्दांवर पहिल्या दोनपैकी एक खूण होते. मधल्या गटावर पुढचे दोन महिने काम करा, कारण ते कमी श्रमात वापरात येतात. अनोळखी शब्द वाचनासाठी ठेवा, रोज पाच, आणि तेही वाक्यांतून. परीक्षा जुलैत जमत नसेल तर डिसेंबरचीही असते. जपानला कामासाठी जाऊ पाहणाऱ्यांना बहुधा एन-४च्या पातळीची भाषा लागतेच. त्यांच्या वेळापत्रकात एन-५ हा मधला थांबा आहे, फॉर्म भरायच्या आधी हे त्यांच्याशी बोलून घ्या.